ताप गेल्यानंतरचे पहारेकरी

केतकी बसलेली असताना तिच्या गळ्याजवळची शीर जेमतेम हलताना दिसे. ती उभी राहिली की तीच शीर कातडीखाली भराभर उडू लागे. धावणं नाही, जिना नाही. नुसतं उभं राहणं.

सावळ्या तापाचा विषाणू तिच्या अंगातून कधीच गेला होता, तरी हे थांबत नव्हतं. घाम गाळला की मरगळ जाते, असं खो-खोचे घाटगे सर मानत. म्हणून ते तिला जास्तच पळवत. कर्णधार म्हणून तीही पळे आणि नंतर अंथरुणाला खिळे. मैत्रिणी तिला राणीसाहेब म्हणू लागल्या होत्या. शेवटी आजोबांनी तिला आणि सरांना आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं.

भिंगरी या यंत्रमानवाने केतकीच्या रक्ताचा थेंब रेणुदर्शकाखाली (रेणूंची हालचाल दाखवणारं यंत्र) ठेवला. भिंतीवर गलोलीच्या बेचक्यांसारखे आकार तरंगू लागले. ती प्रतिपिंडं (विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं) आहेत, असं आजोबांनी सांगितलं. ती शत्रूला त्याच्या आकारावरून ओळखतात. भिंगरीने विषाणूचा तुकडा सोडताच काही बेचकी त्याला चिकटली.

मग तिने दुसरा थेंब सोडला. बेचकी त्यातल्या कणांवरही तुटून पडली.

"हा कुठला विषाणू?" केतकीने विचारलं.

"विषाणू नाही," आजोबा म्हणाले. "तुझ्याच हृदयाच्या पेशींचे संदेशग्राही. हृदयाला वेग सांगणारे निरोप तेच घेतात."

केतकीने गळ्याजवळच्या शिरेवर बोट ठेवलं. "म्हणजे माझ्यावर मीच हल्ला करतेय?"

"तू नाही गं. तुझे पहारेकरी. चोराचा सदरा त्यांनी पाठ केला, आणि तसाच सदरा घरातल्या माणसाचा निघाला."

"ते फार प्रामाणिकपणे चुकत आहेत," भिंगरी म्हणाली.

याला स्वप्रतिकार म्हणतात, आजोबांनी समजावलं. ताप गेल्यावर रेंगाळणाऱ्या प्रत्येक थकव्यामागे हेच असतं असं नाही. केतकीच्या बाबतीत मात्र होतं. चुकलेली प्रतिपिंडं रक्तातून गाळता येत होती, आणि नवी तयार होऊ नयेत म्हणून औषधही आलं होतं. पुष्कळ मुलं त्याने सावरत होती. पण तोवर विश्रांती हवी होती. झेपण्यापलीकडचे श्रम झाले की आजार पुन्हा उसळे.

राज्यस्पर्धा तोंडावर होती. घाटगे सर भिंतीकडे पाहत राहिले. "मी हिला पळवत होतो," ते हळूच म्हणाले.

ताप उतरल्यापासून एक वाक्य केतकी रोज गिळत आली होती. ती खुर्चीत बसूनच त्यांच्याकडे वळली.

"सर, यंदा मी खेळणार नाही. बचावाच्या पहिल्या तुकडीत माझ्या जागी राखीवमधल्या रझियाला घ्या."