पाच नंबरची भिंत

इंजिन खोलून ठेवलं की येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो. आमच्या गॅरेजच्या मधोमध, लोखंडी स्टँडवर, दादाच्या ट्रकचं आठ सिलिंडरचं इंजिन पोट उघडं टाकून बसलं होतं, आणि पोस्टमनपासून टायरवाल्यापर्यंत सगळे त्यात डोकावून गंभीरपणे मान हलवत होते. मान हलवायला अवजार लागत नाही.

मोजायचं काम माझं. घरात पदवी एकट्या मला मिळाली, तीही या इंजिनाने तीस वर्षं खाणीतला दगड ओढला म्हणून. तेव्हा हात दादाने काळे करायचे आणि आकडे मी लिहायचे, अशी आमची वाटणी. दादा मला प्रोफेसर म्हणायचा. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही.

प्रश्न साधा होता. सिलिंडरच्या भिंती झिजल्या होत्या आणि वाटा तीन होत्या. भिंती आणखी थोड्या कापून मोठे पिस्टन घालायचे. किंवा जुनी भिंत जवळजवळ पूर्ण कापून तिच्या जागी स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, दाबून बसवायची. किंवा ब्लॉक भंगारात देऊन दुसरा आणायचा. दादा कोपऱ्यात, ट्रकच्या काढून ठेवलेल्या सीटवर बसून ठरवत होता. सहा महिने त्याला खोकला होता, दोन महिने वजन उतरत होतं. त्याचं मागणं एकच.

"हे एकदा सुरू झालेलं ऐकू दे. मग डॉक्टरला माझं काय करायचं ते करू दे."

सोमवारी मी आठही सिलिंडर मोजले आणि आकडे खडूने ब्लॉकवर लिहिले. सात जण कमी-जास्त सारखेच झिजले होते. पाच नंबर जरा जास्त.

मंगळवारी पाच नंबर मिलिमीटरच्या दोन शतांशांनी वाढला होता.

शिकलेला माणूस आधी अवजारावर संशय घेतो. मी गेज ठरावीक मापाच्या कड्यात घालून तपासला. गेज बरोबर होता. बुधवारी आणखी दोन शतांश. गॅरेजला कुलूप होतं, सिलिंडरमध्ये पिस्टन नव्हता, त्यात हलण्यासारखं काहीच नव्हतं. बाकीचे सात होते तिथेच होते.

लेथमास्तरला बोलावलं. ब्लॉक कापायचं यंत्र गावात त्याच्याकडेच होतं. त्याने मोजलं, माझाच आकडा आला. फडक्याने हात पुसत तो म्हणाला, "दमट हवा असेल."

"दमट हवेने लोखंड झिजतं?"

"मग नसेल," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला. चहा सोडून जाणारा माणूस तो नव्हता.

चहा वहिनी आणायची, दहा वाजता. त्या दिवशी किटली ठेवून तिने हात पुढे केला. "भावजी, तो भोक पाडायचा पंच द्या जरा. यांच्या पट्ट्याला आणखी एक पाडते."

"कालच पाडलं ना?"

"काल कालचं. आता एकदाच चार-पाच पाडून ठेवते, रोज कोण उठतं?"

"पाड, पाड," दादा सीटवरून म्हणाला. "बासरी झाली की वाजवीन." मग त्याला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला बराच वेळ चालला.

शुक्रवारी त्याने खोकून रुमाल बाकावर टाकला. रुमालाच्या विणीत राखाडी भुकटी होती, बारीक, चकाकणारी. शेजारी आमचं पडलेले नट उचलायचं चुंबक होतं. मी काही जवळ नेलं नाही. ते आपल्या जागी होतं, रुमाल आपल्या जागी होता, आणि भुकटीचे कण अंगावर काटा यावा तसे उभे राहिले होते.

दादा माझ्याकडे बघत होता. "काय रे?"

"काही नाही."

"आधी मोज, मग बोल," तो म्हणाला. हा गॅरेजचा जुना नियम.

मी मोजलं. दोन शतांश.

मग वहीत तिन्ही वाटा पुन्हा लिहिल्या. थोडं कापणे. पूर्ण कापणे. भंगार. डॉक्टरांनीही आम्हाला तीनच सांगितल्या होत्या: फुप्फुसाचा थोडा भाग काढायचा, जास्त काढायचा, तिसरी सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. काहीच केलं नाही तर रोज दोन शतांश. भिंत किती उरली होती ते मला माहीत होतं. भागाकार मला चांगला येतो. उत्तर मी लिहिलं नाही.

दादाने मात्र ठरवलं होतं. "पाच नंबरला स्लीव्ह."

"स्लीव्ह अजून आली नाही."

ती चार दिवस माझ्या टेबलाखाली तेलकट कागदात गुंडाळलेली होती. खोटं बोलायला पदवी उपयोगी पडते, पण भावाशी नाही.

"आली नाही, की तू येऊ दिली नाहीस?"

"दादा, भिंत पातळ झाली आहे."

"कुणाची?"

मी गेज डबीत ठेवला. पुसून ठेवला.

"तू आयुष्यभर मोजत बसशील, प्रोफेसर," तो मायेने म्हणाला. "कधीतरी कापावं लागतं."

शनिवारी सकाळी, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला, आम्ही तिघं दवाखान्यात होतो. हिरव्या भिंती, खिळ्यांनी जमिनीला ठोकलेले बाक, कुणी चोरून नेऊ नयेत म्हणून. दादा समोरच्या घड्याळाकडे बघत होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली.

"आता यंत्र लावलं असेल त्याने."

"कुणी?"

"लेथमास्तरने. काल चावी देऊन आलोय. म्हटलं, टेबलाखाली बघ."

मी फोन लावला. वाजत राहिला. यंत्राच्या आवाजात त्याला ऐकू येणार नव्हतं. मी उठलो, तर दादाने माझं मनगट धरलं.

"बस. अर्ध्यावर थांबवलं तर भिंत वाकडी होते. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं.

त्याचा हात थंड होता. आणि थरथरत होता. आजाऱ्याच्या हातासारखा नव्हे, एका लयीत. यंत्राचं पातं फिरत फिरत सिलिंडरमध्ये उतरतं, तेव्हा ब्लॉकवर हात ठेवला तर लागतं तसं.

"अहो, पाणी आणू का?" वहिनीने विचारलं.

"आण."

ती गेली.

"गोल चाललंय," दादा म्हणाला. "छान गोल."

त्याने श्वास सोडला. मी तो परत घेतला जाण्याची वाट बघत राहिलो.

हाताची थरथर मात्र आणखी मिनिटभर चालू होती. मग वरपासून खालपर्यंत काम पुरं झाल्यासारखी थांबली.

काउंटरवरून आमचा नंबर पुकारला. कुणी उठलं नाही. वहिनी ग्लास सांभाळत, पाणी न सांडता, परत येत होती.

लेथमास्तर आठवड्याने आला. दारातच उभा राहिला. स्लीव्ह उत्तम बसली, माप तंतोतंत, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "एक विचारू? तीन मिलिमीटर कापलं मी. ट्रे खाली लावला होता. पण चुरा निघालाच नाही. चिमूटभरसुद्धा."

"हवा असेल," मी म्हणालो.

इंजिन मी बांधलं. ट्रकमध्ये बसवलं. सुरू केलेलं नाही. टायरवाला रोज म्हणतो, एकदा स्टार्टर मारून तर बघा. ज्याला ऐकायचं होतं तो नाही, असं मी सांगतो; लोकांना ते पटतं.

दादाचा पट्टा वहिनीने मला दिला. "चांगलं चामडं आहे, भावजी. वाया कशाला घालवायचं?" महिन्यापूर्वी तो मला पहिल्या भोकात बसायचा.

बाकीचे सात सिलिंडर मी पुन्हा मोजलेले नाहीत. आता मोजायचे तर सगळं खोलावं लागेल. सकाळी थोडा खोकला येतो, पण हवा दमट आहे.

पंच मात्र मला लागत नाही. भोकं आधीच पाडलेली आहेत.