वर उडणारा ‘क’

“कायद्याचं नाव या घरात काढायचं नाही,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी नेहमीचा दाखला दिला, “ताईला तरी कुठे घेतलं होतं कॉलेजने? तिच्याहून तू हुशार लागून गेलीस का?”

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताईची बोटं मात्र टाइपरायटरवर चालतच राहिली. कोर्टासमोरच्या या जागेत पुढे मशीन आणि मागे संसार होता, आणि गेली तेरा वर्षं ती इथे बसून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करत होती... कुणाचा घटस्फोट, कुणाची भाऊबंदकी, सगळं बोटांतून जायचं आणि मनात काही उतरायचं नाही. पूर्वी उतरायचं. मग कधीतरी ते आपोआप थांबलं, आणि थांबलं ते बरंच झालं, असं तिला वाटायचं.

टेबलावर धाकटीने आणलेले दोन कोरे अर्ज होते. दोन, कारण टाइप करताना एक हमखास बिघडतो, हे टायपिस्टच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कायदा की वाणिज्य, हे आज पाच वाजायच्या आत ठरायला हवं होतं.

“जाऊ दे ताई,” धाकटी म्हणाली. “वाणिज्य टाक. तुला जमलं नाही ते मला काय जमणार?”

ताईचे हात थांबले.

तेरा वर्षांपूर्वी, तेव्हा हे मशीन चालवणाऱ्या बाबांच्या हातांना कंप सुटला, आई आधीच गेलेली, धाकटी जेमतेम पाच वर्षांची... आणि त्याच आठवड्यात ताईला कायद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. ते तिने शेगडीत घातलं. मग याच मशीनवर दुसरं टाइप केलं, ‘कळविण्यास खेद वाटतो’ असं, आणि पाकिटात घालून बाबांच्या हाती दिलं. ते खोटं आपल्याला जन्मभर पुरेल, एवढी तिची तयारी होती. ते एक दिवस या पोरीच्या वाटेत आडवं येईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली. तिचा आवाज साक्षीदारासारखा कोरडा होता. “मला घेतलं होतं. नकाराचं पत्र मी टाइप केलं होतं.”

बाबा थरथरते हात मांडीखाली दाबून बसले होते.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“पाकीट उघडलं तेव्हापासून. या मशीनचा ‘क’ ओळीच्या वर उडतो. माझी हयात गेली यावर... मला कळणार नाही?” त्यांनी मान मशीनकडे वळवली. “कळलं, आणि मी गप्प बसलो. घर चालायला हवं होतं ना, पोरी. आता हिला कसा हो म्हणू? हिला जाऊ दिलं, तर तुला का अडकवलं, याचं काय उत्तर देऊ?”

धाकटी तोंडावर हात ठेवून रडायला लागली. ताईने आपल्या आत चाचपून पाहिलं. संताप यायला हवा होता, निदान डोळे तरी भरायला हवे होते... जो त्याग आपण एकटीने, कुणाला कळू न देता केला असं मानून ती जगली, तो त्यांनी उघड्या डोळ्यांनी घेतला होता! पण अंतःकरणात काहीच हललं नाही. दात काढताना सुई दिली की गाल आपला वाटत नाही, तसं तिला झालं होतं.

“ऊठ त्या खुर्चीवरून,” बाबा म्हणाले.

ती उठली. बाबा बसले, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि एका बोटाने धाकटीचा अर्ज भरला. पाऊण तास लागला. विषयाच्या रकान्यात ‘कायदा’ उमटलं, ‘क’ सवयीप्रमाणे वर उडालेला. अर्ज बिघडला नाही.

म्हणजे दुसरा उरला. धाकटी तो आवरायला गेली, तर बाबांनी मानेनेच नको म्हटलं, तो मशीनवर चढवला, आणि नावाच्या जागी मोठीचं नाव टाइप केलं.

“हे काय, बाबा?”

“संध्याकाळीही वर्ग भरतात तिथे. मागच्या वर्षीच विचारून आलोय... तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं.”

वयाच्या रकान्याशी त्यांचं बोट थांबलं. वय त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी मान वर न करता विचारलं, “वय?”

“बत्तीस,” ती म्हणाली. गाल ओला झालाय, हे तिच्या हाताला आधी कळलं.

बाबांनी तीन दाबला, मग दोन.