थेंब कुणी पाजले?

"खरं सांगा, हे थेंब कुणी चालू ठेवले?"

डॉक्टरीणबाईंनी रिकामी बाटली टेबलावर ठेवली आणि जयाबाईंनी काचेकडं पाहिलं.

काचेपलीकडं त्यांची पाच महिन्यांची नात, सौम्या, ऑक्सिजनवर होती... न्यूमोनिया! इवल्याशा बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. तिसऱ्या महिन्यात पोर सारखी दूध टाकायची, पाठ ताणून आक्रंदायची, म्हणून डॉक्टरीणबाईंनीच पोटातलं आम्ल कमी करणारं औषध दिलं होतं. पण पंधरा दिवसांपुरतंच.

"ते आम्ल जंतूंनाही मारतं. फार दिवस दाबून ठेवलं तर अशा आजाराचा धोका वाढतो. यानंच झालं असं मी म्हणत नाही. पण न विचारता दोन महिने?"

सौरवनं, जयाबाईंच्या लेकानं, आईकडं पाहिलं. "आई, दिवसभर तिच्याजवळ तूच असतीस न्हवं?"

जयाबाईंनी सुनेकडं पाहिलं. दिपालीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता! जुनी चिठ्ठी दाखवून खासबागेतल्या दुकानातून ती बाटली आणताना त्यांनी तिला पाहिलं होतं. लेक रडली की त्या कोवळ्या आईचा धीरच सुटायचा...

"व्हय," जयाबाई म्हणाल्या, "म्याच पाजत होते."

"तिला काय झालं तर... आई, तू गावाकडं जा! माझ्या पोरीला हात लावू नगंस!"

पण त्या गावाकडं, खानापूरला, गेल्या नाहीत. वॉर्डच्या दाराबाहेरच्या बाकावर तीन दिवस बसून राहिल्या. दुसऱ्या दुपारी नर्स धावत आत गेली तेव्हा त्यांनी हात जोडले. 'देवा, मला ने, पण तिला...' धावपळ शेजारच्या बाळासाठी होती.

तिसऱ्या दिवशी सौम्याचा ऑक्सिजन काढला. दिपाली बाहेर आली आणि सासूच्या पायांवर कोसळली.

"आत्या, मी पाजलं वो ते! भ्याले... तोंडच उघडलं न्हाई माझं! आता ह्यांना सगळं सांगितलंय."

मागं सौरव उभा होता, लेकीला छातीशी धरून. त्याला आईकडं बघवेना.

"आई... का गं सोसलंस?"

"माझ्यावरचा तुझा राग दोन दिसांचा रं, लेकरा! तिच्यावरचा जलमभर ऱ्हायला असता."

सौरवनं सौम्याला आईच्या मांडीवर ठेवलं आणि तिथंच, फरशीवर, तिच्या गुडघ्याशी डोकं टेकून तो हमसून हमसून रडू लागला...