बिटाचा रस आणि लाल दिवा

दुपारी अचानक पावसाची सर आली, म्हणून तो आडोशाला माझ्या ज्यूसच्या दुकानात शिरला. बिटाचा रस मागवला आणि खिशातून पेनाएवढं यंत्र काढून ग्लासाला टेकवलं. रसातून जांभळा उजेड गेला... आणि यंत्रावर लाल दिवा लागला.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“म्हणजे... यात गुंगीचं औषध आहे,” तो बोलून गेला.

बाकावरच्या दोघी ग्लास तसेच ठेवून उठल्या. माझा चेहरा बिटाहून लाल झाला असावा.

“थांबा,” तो त्यांना म्हणाला. “चूक यंत्राची आहे. प्रयोगशाळेत आम्ही त्याला बीट कधी दाखवलंच नाही.” आणि त्यांच्यादेखत त्याने ग्लास एका दमात रिकामा केला. मिशीवर लाल रेघ उमटली. मला हसू आवरेना, पण राग सोडायचा नव्हता.

“उद्या येऊन नीट शिकवा त्याला,” मी बजावलं.

तो रोज येऊ लागला. प्रत्येक रस उजेड आपापल्या परीने परत देतो, औषध मिसळलं की त्यात फरक पडतो – हे त्याने मला समजावलं. सगळे रस शिकवून संपले, तरी त्याचं येणं संपेना.

“आज काय शिकवायचंय?”

“आज... मोसंबी.”

“मोसंबी मंगळवारी झाली.”

“जरा कच्ची राहिलीय,” तो खाली बघत म्हणाला.

एकदा मी त्याला बहिणीचं सांगितलं. एका पार्टीत कुणीतरी तिच्या सरबतात काहीतरी मिसळलं होतं. मैत्रिणींनी वेळेवर घरी आणलं म्हणून निभावलं. पण दोन वर्षं झाली, ती बाहेर पाणीसुद्धा पीत नाही.

त्याने हातातला ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “त्यांना घेऊन याल?”

रविवारी ती आली. त्याने यंत्र तिच्याच हातात दिलं.

“हे सगळंच ओळखत नाही,” तो म्हणाला. “अकरा औषधं ओळखतं. त्यापुढची हमी मी देणार नाही.”

“बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली. “बाकी सगळे नुसतं ‘घाबरू नकोस’ म्हणतात.”

तिने मोसंबीचा ग्लास तपासला. हिरवा दिवा. पुन्हा तपासला. हिरवाच. मग एक घोट घेतला... दुसरा... मी आपली पुसलेलाच ओटा पुसत राहिले. डोळे भरून आले होते, ते कुणाला दिसायला नकोत.

“ताई,” ग्लास अर्धा करून ती म्हणाली, “हे तुला विचारणार आहेत, की मीच विचारू?”

“मी विचारतो,” तो गडबडीने म्हणाला. माझ्याकडे वळला. “दुकान... किती वाजता बंद करता?”

“रोज आठला,” मी म्हणाले, आणि एप्रनची गाठ सोडली. “आज आत्ताच.”