समोर घ्यायची गोळी

“बाई, जरा माझ्याकडं बघता का?”

नाशिकच्या बसस्थानकावर पासाच्या खिडकीत बसणाऱ्या वत्सलानं चमकून मान वर केली. समोर डेपोतला मेकॅनिक होता – भिकन. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात पांढरी गोळी. काय हा आगाऊपणा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं…

पण त्यानं मान खाली घालून सांगितलं. दारू सोडायची गोळी होती ती. रोज कुणाच्या तरी समोर गिळायची, अशी डॉक्टरांची अट. इतके दिवस आई बघायची; आता ती त्याच्या बहिणीच्या बाळंतपणाला घोटीला गेली होती.

वत्सलानं बघितलं. दुसऱ्या दिवशीही बघितलं. महिन्याभरात तिचे डोळे साडेआठलाच खिडकीबाहेर लागू लागले. गोळी घशाखाली उतरायला लागतो किती वेळ? पण दोघांनाही घाई नसायची.

थंडीत तो खोकू लागला, तेव्हा तिनं वडिलांनी घरी केलेल्या द्राक्षासवाची बाटली त्याच्यापुढे ठेवली. भिकननं बूच काढलं, वास घेतला. बूच परत घट्ट लावलं. बाटली तशीच ठेवून तो निघून गेला.

वत्सला फुगून बसली. संध्याकाळी मात्र घरातलं द्राक्षांचं मडकं दिसलं आणि तिच्या पायांखालची जमीन सरकली. महिनाभर आंबवलेला रस! घरात त्याला सगळे औषधच म्हणत, त्यामुळे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तीन दिवस तो आला नाही. परत प्यायला लागला असेल तर ते आपल्यामुळेच, हा घोर तिला जेवू देईना.

चौथ्या दिवशी, साडेआठला, खिडकीत पेला दिसला.

“वासानंच जीव खालीवर झाला, बाई. घोटीला आईकडं पळालो. गोळी तिच्यासमोर घेतली… रोज.”

वत्सलाचे डोळे भरून आले. “चुकलंच माझं. पण तुम्ही मला तिथंच ‘नाही’ म्हणायचं ना!”

“तुमी एवढ्या मायेनं आणलं होतं… जीभच उचलंना.”

त्यानं गोळी गिळली. तिनं बघितलं. मागं रांग कुरकुरत होती. कुरकुरू दे, असं तिला वाटलं.

“आता मी एक विचारते,” ती हळूच म्हणाली. “नको असेल तर तोंडावर ‘नाही’ म्हणून सांगायचं. गोळी बंद झाल्यावरही… असे रोज समोर याल?”

भिकननं पेला खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं.

“ह्याला नाय म्हणणार नाय.”