चारही टायरमधली हवा

लिटरला साडेपाच किलोमीटर.

"एवढी पिते?" मी विचारलं.

"मी शिकवलं नाही हो तिला," तो म्हणाला... आणि स्वतःच लाजला.

गॅरेजच्या दारात त्याची घरगाडी उभी होती. आत पलंग, ओटा, इवलंसं बेसिन. चष्म्याच्या दुकानात काम करायचा तो. सुट्टीत हिच्यातून भटकायचा.

बाबा म्हणाले, "ही गाडी तुझी. आठवर आणलीस तर यापुढे गिऱ्हाईकं तू बघ. नाहीतर दादा आहेच."

दादा आहेच. चार वर्षं हेच ऐकतेय.

पहिल्याच फेरीत सात!

टपावरची रिकामी पेटी उतरवली. पाण्याची भरलेली टाकी निम्मी केली. एअर फिल्टर नवा, टायरांत हवा. "आणि ऐंशीच्या वर जायचं नाही," मी बजावलं.

"तुम्ही शेजारी बसलात तर साठवर चालवीन."

मी पाना पुसत राहिले. पाना स्वच्छच होता.

सहा. मग पुन्हा साडेपाच.

दर शनिवारी तो हजर. चेहरा पडलेला, डोळे मात्र हसरे. "सोडतेस का गाडी?" दादा चिडवायचा.

शेवटी टायर तपासले. चारही टायरांत हवा बरोबर दहा पौंड कमी. खिळा एका टायरला लागतो; चार टायर ठरवून सारखे गळत नाहीत.

"तू काढतोस हवा!" रागात 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. "टायर फुटला असता म्हणजे?"

"गाडी सुधारली असती तर... परत कशाला आलो असतो?"

"आणि माझं काम गेलं असतं त्याचं काय?"

त्याचं हसू मावळलं. "हे—हे माहीत नव्हतं मला."

तो सरळ बाबांसमोर जाऊन उभा राहिला. "हवा मी काढत होतो. त्यांची काही चूक नाही."

"कशासाठी?"

"त्यांना भेटायला."

दादाला चहाचा ठसका लागला. बाबांनी गाडीवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं. "चारही टायरांत सारखी? मोजून?"

"हो."

"हात चांगला आहे. अक्कल कमी."

साडेआठ.

मी शेजारी. रविवारची दुपार, काटा साठवर, मागे हॉर्नचा कल्लोळ. सोमवारपासून गिऱ्हाईकं माझी.

"झालं," तो पुटपुटला. "आता गॅरेजला यायला कारणच उरलं नाही."

मी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली.

"मग—कारण नसताना ये."