अण्णांची लाल पेन्सिल

बावीस वर्षं मी शहरातल्या रुग्णालयांच्या नोंदी ठेवणारा मेनफ्रेम, म्हणजे मोठा संगणक, सांभाळते आणि माझ्या हातून तो एकदाही बंद पडलेला नाही. हे मी मान ताठ करून सांगते. शिकवलं माझ्याआधी हे काम बघणाऱ्या अण्णांनी. संगणकाच्या प्रणालीसाठी नवी दुरुस्ती आली की आधी तिच्यासोबतच्या सूचना वाचायच्या, वाचलेल्या प्रत्येक सूचनेवर लाल पेन्सिलीने खूण करायची, मग वेगळ्या मशीनवर तालीम आणि मगच खरी दुरुस्ती. तालमीत दुरुस्ती बसते का एवढंच कळतं. बसल्यावर काय होईल ते सूचनाच सांगतात. कुणी पान गाळलं की अण्णा पेन्सिल टेबलावर दोनदा आपटायचे. ते वारले, तेव्हा ती पेन्सिल मी खणात कुलूप लावून ठेवली.

त्या रविवारी दुपारी मी एकटीच होते. मशीनच्या खोलीला खिडकी नाही, आणि माणूस हलला तरच वरचे दिवे लागतात. खुर्चीत स्वस्थ बसलं की मागच्या रांगा काळोखात बुडायच्या आणि पंख्यांची घरघर तेवढी उरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच एका रुग्णालयात धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं, तिला रक्त लागणार होतं. लवकर आटपून मला तिच्याकडे पोचायचं होतं.

साहेबांचा फोन आला. "तालीम पास झाली ना? मग चढवून टाका की!"

"चढवते," मी म्हटलं. सूचनांचं शेवटचं पान राहिलं होतं. नेहमीचंच असणार म्हणून मी बोट बटणावर ठेवलं.

टक् टक्.

मागच्या रांगेवरचा दिवा लागला. मग त्याच्या अलीकडचा... मग त्याच्याही अलीकडचा. चालत कुणीच नव्हतं. पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तसा लाकडाचा वास आला, अगदी खांद्याशी.

"वाचते... अण्णा, वाचते," मी पुटपुटले.

शेवटच्या पानावर एकच सूचना होती: जुन्या नोंदी आधी नव्या साच्यात बदलून घ्या, नाहीतर रक्तगट चुकीचे दिसतील. तिच्यापुढे लाल खूण आधीच केलेली होती.

सगळं रीतसर केलं. मशीन सुरळीत चाललं, बहीण ठणठणीत बरी झाली. अण्णांची शिष्या आहे मी, उगाच नाही!

खणाची किल्ली माझ्याच गळ्यात असते. तरी दर दुरुस्तीनंतर ती पेन्सिल थोडी आखूड झालेली असते. मी शेजारी नवी आणून ठेवलीय, तिला अजून कुणी टोकही काढलेलं नाही. जुनी आता नखाएवढी उरलीय... आणि पुढची दुरुस्ती या रविवारी आहे.